हातमोज्याचं न फाडलेलं बोट

६ फेब्रुवारी

घुम्या,

तुला एक आजी आहे. विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. बुटकी, डाव्या कानाने ठार बहिरी, पुढचे दात पडलेली, आणि तुला नाक शिंकरायला शिकवलेली बाई. अजूनही लक्षात येत नसेल तर पत्र इथेच मिट. एखाद्या मोठ्या साहेबाला कुणी भलतीच म्हातारी लिहिते आहे असं समज.

फोनचं मला सांगू नकोस. तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' एवढं बोलून ठेवतोस. तुझं ते नंतर कोणत्या महिन्यात येतं ते मला कॅलेंडरवर अजून कुणी दाखवलेलं नाही. पत्राला मीटिंग नसते. ते टेबलावर पडून राहतं आणि तुझ्याकडे बघत बसतं.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या ताईचं आहे. मला लिहिता येत नाही आणि तिला तुझ्याशी बोलायचं नाही, अशा दोन अडलेल्या बायकांनी मिळून हा कागद काळा केला आहे. ती खिडकीकडे तोंड करून लिहिते. तिची अट एकच, विनवणीचा एकही शब्द ती लिहिणार नाही. मी म्हटलं, विनवतंय कोण, मी भांडायला बसले आहे. तेव्हा कुठे पेनाचं टोपण निघालं. एक मात्र आहे. मी हातभर बोलते आणि कागदावर बोटभर उतरतं. विचारलं तर म्हणते, लिहिताना आखूड होतं. होत असेल बाई.

आता नीट ऐक. हिवाळा लागताना तिच्या हॉस्पिटलात नवे हातमोजे आले. निळे, जाड, मनगटाच्या वर चढणारे. आधीचे पातळ होते, सारखे फाटायचे, म्हणून हे घेतले. खोक्यांबरोबर तू नोकरी करतोस त्या तपासणी केंद्राचा कागद आला. हे मोजे घालून पाहिले आहेत, घालणाऱ्याच्या हाताच्या कामात काही फरक पडत नाही, असं त्यात लिहिलेलं. खाली सही. कुणाची ते तुला मी सांगायला नको.

तिथल्या सगळ्या सिस्टरांची एक जुनी खोड आहे. शीर सापडेना की मोज्याच्या तर्जनीचं टोक चिमटीत धरून फाडायचं आणि उघड्या बोटाने शीर चाचपायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जुनी सिस्टर नवीला शिकवते, नवी तिच्या नंतरचीला. नव्या मोज्यांबरोबर वरून हुकूम आला की टोक फाडलेलं दिसलं तर मेमो मिळेल. म्हणून मग बाकीच्या लपवून फाडायला लागल्या. ताईने फाडलं नाही.

तिच्या वॉर्डात एक ट्रकड्रायव्हर दाखल होता. भरल्या दंडाचा गडी, बायको उशाशी बसलेली. त्याला कडक औषध शिरेतून द्यायचं होतं. ताईने दुपारी सुई लावली, मोज्यातून चाचपून. तिला वाटलं शीर लागली. शीर लागली नव्हती. औषध कातडीखाली पसरत गेलं. तो ग्लानीत होता, बोलला नाही. संध्याकाळी बघतात तो हात फुगून पावासारखा झालेला आणि कातडी काळी पडत चाललेली. नंतर मांडीचं कातडं काढून हाताच्या पाठीवर लावलं. हात वाचला. पण बोटं मिटत नाहीत. उजवा हात आहे.

तेव्हापासून ताई घरी आहे. सस्पेंड हा शब्द मी बोलते तेव्हा ती 'रजेवर' असं लिहिते की काय कोण जाणे. मार्चच्या सुरुवातीला चौकशी आहे. त्या टेबलावर तुझा कागद ठेवणार आहेत. मोजे चांगले असं तो कागद म्हणतो, म्हणजे वाईट राहिला तो हिचा हात. तसं ठरलं तर नोंदणीतून हिचं नाव कायमचं काढतील. पुन्हा ही बाई कुठेच कुणाला सुई लावू शकणार नाही.

मला एवढंच सांग. तुझा कागद खरा आहे का? हो किंवा नाही. एवढं लिहायला मीटिंगमधूनही उठावं लागत नाही.

तुझी आजी
(आठवली असल्यास)

७ फेब्रुवारी

घुम्या,

आज अक्षर वेगळं दिसेल. हे आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलवाल्या काकांचं आहे. ज्यांच्या बरणीतल्या गोळ्या तू खोकला आला असं सांगून लांबवायचास, तेच. दुकानात गिऱ्हाईक आलं की पत्र थांबतं, त्यामुळे मध्येच कुणाला मलम द्यायचं लिहिलेलं सापडलं तर ते तुझ्यासाठी नाही.

कालचं पत्र पेटीत टाकण्याआधी मी काकांकडून वाचून घेतलं. माझा संशय खरा निघाला. मी सांगितलेल्यातल्या दोन गोष्टी तुझ्या ताईने गिळून टाकल्या होत्या. पत्र मी तरीही टाकलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं, नुसतं अर्धं होतं. उरलेलं अर्धं हे घे.

पहिली गोष्ट. ताईने टोक का फाडलं नाही? मेमोला भिऊन? ती भिणारी आहे का? तुला वर्गात मुलांनी मारलं तेव्हा शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिलेली पोर आहे ती. मला हे ताईने सांगितलंच नाही. वॉर्डातली मावशी, जी चादरी बदलते, ती चार दिवसांपूर्वी घरी येऊन बसली आणि माझ्या उजव्या कानात सांगून गेली. नवे मोजे आले तेव्हा सगळ्या सिस्टरा कुरकुरत होत्या की हे गोणपाट घालून शीर कशी लागायची. तेव्हा ताईने खोक्यावरचा कागद उचलून त्यांना दाखवला. म्हणाली, ही सही माझ्या भावाची आहे, तो बघितल्याशिवाय सही करत नाही. त्या दिवसापासून साऱ्या वॉर्डात एकटी ही बाई बोट न फाडता काम करत होती. हसायच्या तिला. मावशी म्हणाली, आजी, तोऱ्यात चालायची हो, जसे काही मोजे भावाने स्वतः शिवून पाठवले.

काका इथे थांबले. चष्मा पुसताहेत. काका, पुसून झालं की लिहा.

दुसरी गोष्ट. तो ड्रायव्हरचा प्रकार झाला त्याच संध्याकाळी तिने तुला फोन केला होता. मी पलीकडच्या खुर्चीत होते. तिने तुला एवढंच विचारलं, त्या मोज्यांतून हाताला नीट कळतं का रे, तुम्ही कसं बघितलं होतं? मला वाटलं तू म्हणशील, ताई, तू बरी आहेस ना. मला तुझं बोलणं ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा दिसला. फोन ठेवल्यावर तिने मला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि त्यानंतर आजवर पुन्हा उच्चारले नाहीत. तू म्हणालास, "मोज्यांत काही नाही. तुझाच हात चुकला असेल, ताई."

घुम्या, तो हात कुठला ते तुला आठवतं? तुमची आई गेली तेव्हा ती स्वतः एवढीशी होती. तुझ्या शर्टाची बटणं त्या हातांनी लावली. तुझ्या पायात काचेचा तुकडा गेला होता, मला दिसत नव्हता, डॉक्टर मिळत नव्हता. तिने डोळे मिटून नुसत्या बोटाने तो शोधला आणि काढला. तू तेव्हा ओरडून गल्ली गोळा केलीस, ते सोड. त्या बोटाला तू फोनवरून सांगतोस की तूच चुकलंस?

मी इथे एक शब्द सांगितला तर काका म्हणतात, आजी, तो लिहायला नको, 'अविचारी' लिहू. मी म्हटलं, काका, मी जो म्हटला तोच लिहा. ते म्हणतात, दुकानात बसून असा शब्द लिहिला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. मग जागा सोडा म्हटलं. घुम्याला माहीत आहे तिथे कोणता शब्द येतो ते.

मी ताईवर रागावले नाही. तिने ते का गिळलं ते मला समजतं. पण मी म्हातारी आहे, मला पचत नाही.

आजी

२३ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पार्सल मिळालं. उत्तर म्हणून खोकं पाठवणारा नातू मी पहिल्यांदाच बघितला.

आज पुन्हा ताईचं अक्षर आहे. मी बोलावलं नाही. खोकं परवाच उघडलं होतं, आज ती आपण होऊन पेन घेऊन बसली आणि म्हणाली, सांग आजी, आज आखूड होणार नाही.

तर खोक्यात तेच निळे मोजे, लहान मापाचे. बरोबर चिठ्ठी, टाईप केलेली, जशी एखाद्या कंपनीला लिहावी. ताईने दोनदा वाचून दाखवली तरी मला विश्वास बसेना. 'चाचणी नियमानुसार झालेली आहे. योग्य मापाचे मोजे वापरल्यास अडचण येऊ नये.' खाली नातवाचं नाव नाही, हुद्दा. बरं झालं. नातू म्हणून असं लिहिलं असतंस तर मी चिठ्ठी चुलीत घातली असती, हुद्द्याने लिहिलीस म्हणून नुसती कचऱ्यात टाकली.

मापाचा सल्ला तू तिला देतोस? अरे शहाण्या, तिच्या वॉर्डात एकच माप येतं. पहिलवानाचं. स्वस्तात पडतं म्हणून सगळे एकाच मापाचे घेतात. तिच्या बोटांच्या पुढे मोज्याची टोकं रिकामी लोंबतात. हे तुला माहीत नाही कारण तुमच्याकडे चाचणीला बसवलेल्या माणसांना तुम्ही ज्याचं त्याचं माप देता. खुर्ची देता, पंखा देता, कोरडे हात देता. कुणी मागून ओरडत नाही की सिस्टर, पाच नंबरला उलटी झाली.

आता तुला एक आठवण करून देते. ही विसरण्याची सोय नाही, कारण मी साक्षीदार आहे. मागच्या खेपेला तू आला होतास. आलास आणि बॅगेतून ती भोकांची पाटी काढलीस, त्यात बसवायच्या बारीक खुंट्या, आणि ते टिकटिक करणारं घड्याळ. म्हणालास, आजी, तुझ्यावर प्रयोग करतो. आधी उघड्या हातांनी खुंट्या बसवायला लावल्यास. माझी बोटं कशी आहेत तुला ठाऊक आहे, आल्याच्या गड्ड्यासारखी. बसवता बसवता जीव गेला. मग हेच निळे मोजे घातलेस आणि पुन्हा बसवायला लावल्यास. या खेपेला पटापट बसल्या. तू घड्याळ दाखवलंस आणि म्हणालास, बघ, मोजे घालून तू जास्त जलद. मी फुगले ना. गल्लीभर सांगत सुटले की मोज्यांनी माझे हात तरुण होतात. मेडिकलवाल्या काकांनी मला तोंडावर मोजे घालायचा सल्ला दिला, म्हणे सगळीच तरुण व्हाल.

परवा ताईने मला समजावलं. दुसऱ्या खेपेला कुणीही जलदच करेल. एकदा भोकं कुठे आहेत ते हाताला कळलं की झालं. मोजे कितीही जाड असोत, शिकलेला हात ते झाकून टाकतो. म्हणून अर्ध्या माणसांना आधी मोजे घालून बसवायचं असतं आणि अर्ध्यांना नंतर. मी म्हटलं, मग आपल्या घुम्याला हे माहीत नव्हतं का? आणि मग मला आठवलं, घुम्या. मला वाचता येत नसेल, पण एक कान अजून शाबूत आहे. त्या दिवशी पाटी आवरताना तू ताईला हसत हसत म्हणाला होतास, "खरं म्हणजे क्रम उलटसुलट करायला हवा, पण वरच्यांना घाई आहे. मोजे काय, मोजेच." ताईने ती थट्टा समजली, सहीआधी तू नीट बघशीलच असं धरून चालली.

तू चुकला असतास तर मी एवढी पेटले नसते. चुकतो माणूस. तुला माहीत होतं. माहीत असून सही केलीस, त्या सहीवर तुझी खुर्ची एक पायरी वर चढली, आणि त्याच सहीवर विसंबून तुझी बहीण बोट न फाडता उभी राहिली. आणि तिने विचारलं तेव्हा तू तिला तिचाच हात दाखवलास.

काल आम्ही दोघींनी आमची तपासणी केली. माझ्या डोक्याचा एक पांढरा केस उपटला. जास्त उरलेले नाहीत, म्हणजे ही माझी देणगी समज. टेबलावर केस ठेवला, वर कागद ठेवला. ताईने डोळे मिटले आणि उघड्या बोटाने केस कुठे आहे ते सांगितलं. आणखी कागद चढवले. तरी सांगितलं. कागदांचा गठ्ठा जाड होत गेला तेव्हा कुठे अडली. मग तू पाठवलेला मोजा घातला, तिच्या अगदी मापाचा. एका कागदाखालचा केस तिला सापडला नाही. पुन्हा, पुन्हा चाचपडत राहिली. मी म्हटलं, पुरे गं. ती थांबेना. तिने मोज्याचं टोक चिमटीत धरलं आणि फाडलं. केस लगेच सापडला.

त्यानंतर ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी ओरडले नाही. पाण्यावरून तरी मी कधी गप्प बसते का, तूच सांग.

हे आमचं टेबल चौकशीत चालणार नाही. तिथे शिक्के चालतात. ताई म्हणते, मी जाऊन माझं सांगेन, मानायचं तर मानतील. तिने इथे मला सांगितलं की आजी, तू त्याला ये म्हणून लिहायला लावू नकोस. ठीक आहे. मी तुला ये म्हणत नाही. चौकशी चार मार्चला, सकाळी, हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, जिन्याच्या डाव्या हाताच्या खोलीत आहे. हे मी उगाच सांगितलं. मला पत्ते पाठ करायची सवय आहे.

आजी

६ मार्च

घुम्या,

आलास. बोललास. आणि मागच्या जिन्याने पळालास.

मी तिथेच होते. तुला दिसले नाही म्हणून नव्हते असं समजू नकोस. खोलीबाहेरच्या बाकावर, ताईचा डबा मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी मीच. तू माझ्या चपलांवरून पाय टाकून आत गेलास. तुझी मान अशी खाली होती की मला आधी वाटलं हा कुणीतरी दुसरा, घुम्या एवढा म्हातारा कधी झाला. हाक तोंडापर्यंत आली होती. ती मी गिळली, कारण हाकेने तू थांबला असतास आणि थांबला असतास तर कदाचित आत गेलाच नसतास.

आतलं मला ताईने घरी येऊन सांगितलं. आज तीच लिहिते आहे, त्यामुळे चुकलं तर तिचं. ती आपलं सांगून बसली होती. टोक फाडायला मनाई होती, तिने नियम पाळला, मोज्यातून शीर कळली नाही, एवढंच. तुझा कागद समोर होता आणि अध्यक्षबाई त्यावर बोट ठेवून तिला विचारत होत्या की मोजे चांगले असताना असं झालंच कसं. तेवढ्यात दार उघडलं. तू कुणाकडेच बघितलं नाहीस म्हणे. टेबलावरच्या त्या कागदाकडे बघून बोललास. "ही सही माझी आहे. चाचणी चुकीच्या क्रमाने घेतली होती, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. या मोज्यांतून हाताला किती कळतं ते आम्ही बघितलंच नाही." अध्यक्षबाईंनी विचारलं, मग सही का केलीत? तू म्हणालास, "कुणी अडवलं नाही म्हणून."

ताई म्हणते, यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नव्हतं आणि यापेक्षा खरंही नव्हतं.

काल निकाल कळला. तिला परत घेताहेत, सोमवारपासून. नोंदणीत नाव राहतं. ते जाड मोजे वॉर्डातून काढले. तुझीही बातमी आली, की तुझ्या केंद्राने तुला घरी बसवलं. माझा आनंद बघ, एक नात कामाला लागली तर एक नातू मोकळा झाला. माझ्या घरात बेकारीची जागा कधी रिकामी राहत नाही.

तू म्हणशील, आजी, आता तरी रागावू नकोस, मी खरं बोललो. बोललास. त्याची किंमतही मोजलीस, हे मला दिसतं. पण खरं बोलून झाल्यावर माणूस समोरच्या दाराने बाहेर येतो रे. बहीण तिथे उभी होती. तिने तुझ्यामागे दोन पावलं टाकली होती, मला सांगितलं नाही, पण वॉर्डातल्या मावशीने बघितलं. तोवर तू जिना उतरला होतास. गाव ओलांडून आलास आणि घराकडे तोंडही वळवलं नाहीस. माझ्या घरात तुला जेवायला घालणार नाही असं मी म्हटलं होतं का? आधी दोन शिव्या दिल्या असत्या, मग वाढलं असतं. ते एवढं जड होतं का?

आणि खरा राग आता सांगते. तुझ्यावर एकट्यावर नाही, त्या साऱ्या खोलीवर आहे. मी बाकावर बसले होते तेव्हा माझ्या शेजारी तो ड्रायव्हर बसला होता. त्यालाही बोलावलं होतं. हात फडक्यात, फडकं गळ्यात. त्याला ताई कोण आणि मी तिची कोण ते माहीत होतं. मला वाटलं उठून दुसरीकडे बसेल. त्याने सरकून मला जागा दिली. म्हणाला, आजी, आता मला शर्ट घालायला पण बायको लागते, लग्नात एवढी लाडात नव्हती. मी हसले आणि मग माझी नजर त्या फडक्यावर गेली. त्याचा ट्रक मालकाने दुसऱ्याला दिला आहे. बोटं मिटायला वर्ष लागेल किंवा मिटणारच नाहीत, डॉक्टर दोन्ही सांगतात.

खोलीत मोज्यांवर बोलणं झालं, कागदावर झालं, क्रमावर झालं, ताईच्या हातावर झालं. त्याच्या हातावर कुणी बोललं नाही. त्याला आत बोलावून विचारलं काय, तर सुई लावताना दुखलं होतं का. तो म्हणाला नाही. मग जा म्हणाले.

तू पायऱ्या उतरून गेलास तेव्हा त्याने मला विचारलं, मोजे पास केलेले साहेब ते हेच का? मी हो म्हटलं. माझा नातू असं सांगायचं होतं, पण तोंडातून निघेना. त्यानेच ओळखलं असावं, आतलं बोलणं दारातून त्याला सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "आजी, त्यांना सांगा, खोलीत बोलले ते बरं केलं. पण हात माझा आहे. मला कुणी येऊन काही बोललं नाही."

निरोप जसाच्या तसा दिला, माझ्या पदरचा एक शब्दही नाही.

ताई त्याच्याकडे कालपर्यंत गेली नव्हती, चौकशी संपेपर्यंत तिला त्याला भेटायला मनाई होती. काल निकाल कळला आणि ती थेट त्याच्याकडे गेली. काय बोलली ते मला सांगत नाही, मी विचारत नाही. परत आली तेव्हा तिचा चेहरा बरा होता. एवढं मला दिसतं.

या पत्रात तिच्यासाठी मी जागा सोडायला सांगितली. म्हटलं, तुझं तू लिही, मला वाचता येत नाही, मला काय कळणार. तिने पेन धरून बघितलं आणि जागा कोरीच ठेवली. पण रेघ ओढून बंद केली नाही. ती तशीच आहे, माझ्या नावाच्या वर. तू बघशीलच.

आता काम सांगते. ड्रायव्हर आपल्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. त्याच्यासाठी काहीतरी खायला पाठव. संत्री नकोत, त्याला एका हाताने सोलता येत नाहीत आणि बायकोला प्रत्येक वेळी हाक मारायची त्याला लाज वाटते. डाळिंब तर नकोच नको. बरणीबंद काही नको, झाकण उघडणार कसं. चिरून खावं लागेल असं काही नको. द्राक्षं पाठव, बिनबियांची. देठावरून एका हाताने तोडायची आणि तोंडात टाकायची. चांगली गोड बघून घे, दुकानदाराला सांगून नाही, आधी स्वतः एक खाऊन. आणि द्राक्षं पार्सलने येत नाहीत, वाटेत सडतात, एवढं मला कळतं.

आजी